बंद म्हणजे बंदच

नलिनीताई देवरे शनिवारी संध्याकाळी जळगावहून धुळ्याला आईकडे निघायच्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत प्लास्टिकचा एक डबा असायचा. एसटीत शेजारी बसणाऱ्या बाईला वाटायचं, आईसाठी लाडू-बिडू नेत असतील. एकदा एकीनं विचारलंच. ताईंनी सरळ झाकण उघडून दाखवलं. आत स्पंजच्या तुकड्यावर एक सर्किट बोर्ड निजवलेला, आणि त्याच्या कोपऱ्यात बॅटरीचा लहानसा सेल.

"रेडिओ बिघडला का हो?" बाईनं विचारलं.

"नाही. ह्याची परीक्षा चाललीय. वीज नसताना काय काय लक्षात ठेवतो ते बघतेय."

हे ताईंनीच सोमवारी आम्हाला सांगितलं. वर म्हणाल्या, "पारोळा येईपर्यंत त्या बाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

सोमवारी कारखान्यात आल्या की त्या आधी तो बोर्ड काढायच्या. रस्त्यावरचे सगळे खड्डे खाऊन, आईच्या कपाटात रविवार काढून तो परत आलेला असायचा. त्याला वीज जोडायच्या, शनिवारी त्यात भरलेले आकडे एकेक करून बघायच्या, आणि सगळे जागच्या जागी असले की स्वतःशीच म्हणायच्या, "बठ्ठं ठीक शे." एरवी त्यांची भाषा पुण्यात शिकून आलेल्या माणसाची होती. आनंद झाला की मात्र गावाकडची, पिंपळनेरची अहिराणी बाहेर यायची.

आमचा कारखाना जळगावच्या औद्योगिक वसाहतीत होता. कारखाना कसला, पत्र्याची एक लांब शेड. पुढं शेठचं केबिन, मागं सोल्डरिंग करणाऱ्या बायका. टीव्ही-फ्रीजचे स्टॅबिलायझर बनवायचो. मी गावोगाव जाऊन माल बसवून द्यायचो. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास शेठला वाटायला लागलं की शेतकऱ्याच्या पंपासाठी काही केलं तर धंदा वाढेल. त्यासाठी त्यांनी ताईंना आणलं. तिशीच्या आसपासची, उंच, सडपातळ बाई. डिझाइन करायला बाईमाणूस येणार म्हणून शेडमध्ये आठवडाभर कुजबुज होती. आल्या दिवशी त्यांनी शेठकडे फक्त एक काचेचं टेबल मागितलं, ज्याच्या खाली ट्यूबलाइट लावता येईल असं.

त्या टेबलावर त्यांचं सगळं आयुष्य चालायचं. काचेवर पारदर्शक फिल्म पसरायची आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी ब्लेडनं कापून एकेक रेघ चिकटवायची. तीच रेघ पुढं बोर्डावर तांब्याची व्हायची. दोन रेघा एकमेकींना शिवता कामा नयेत. त्या कामात असल्या की दातात जीभ धरायच्या आणि हातातलं घड्याळ काढून ठेवायच्या. दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक नव्हत्या. चहा ठेवला तर गार व्हायचा. मग तो गारच प्यायच्या. कुणी दुसरा आणू म्हटलं तर म्हणायच्या, "गरम चहा रिकामटेकड्यांसाठी असतो."

मेमरीच्या चिपवर त्यांचा जीव होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांना समजावून सांगायची हौस होती आणि मला ऐकायची. "दोन जाती असतात, पाटीलभाऊ," त्या म्हणायच्या. "एक डायनॅमिक. ती स्वस्त, पण रडकं पोर. सारखं थोपटत राहावं लागतं, नाहीतर सगळं विसरते. दुसरी ही स्टॅटिक. महाग आहे, पण शहाणी. तिला चिमूटभर वीज मिळाली की गप बसून राहते. एवढासा सेल लावला तर महिनोन्‌महिने काही विसरायची नाही. आपल्या खेड्यांत हीच टिकेल."

एकदा मी त्यांच्या फिल्मकडे बघत उभा होतो. चिपच्या पायांचा तक्ता शेजारी पडलेला. त्या हिशेबानं पहिली रेघ पहिल्या पायाला जायला हवी, ती गेली होती भलत्याच पायाला. मी भीत भीत दाखवलं. त्या हसल्या.

"समजा, तुमच्या गल्लीत नवा पोस्टमन आला. त्यानं घरांना स्वतःच्या मनानं नंबर दिले. पत्र टाकतानाही तोच, परत आणतानाही तोच. बिघडलं काय? ह्या चिपचं तसंच आहे. लिहिणारा आणि वाचणारा एकच. म्हणून मला जिकडून रस्ता मोकळा दिसला तिकडून मी रेघ नेली." मग फिल्मवरून बोट फिरवत म्हणाल्या, "बिचारी कधी विचारत नाही, असं का म्हणून. जिथं ठेवलं तिथून काढून देते."

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. आई धुळ्याहून स्थळं सुचवायची. एकदा एक मुलगा बघायला आला, तर ह्यांनी त्याला विचारलं, घरातला फ्यूज उडाला तर कोण बांधतं? तो म्हणाला, आमच्याकडे माणूस येतो. ताई आम्हाला सांगत होत्या, "मला तो माणूस कोण ते विचारावंसं वाटत होतं." सगळ्या बायका हसल्या, त्याही हसल्या. पुढं कुणी तो विषय काढला नाही.

त्यांनी केलेला पॅनल असा होता. केळीच्या बागेला पाण्याच्या पाळ्या असतात आणि वीज कधी येईल, कधी जाईल त्याचा नेम नसतो. बाजारात साधे ऑटो मिळायचे, वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारे. त्यांना एवढंच कळायचं. ताईंच्या पॅनलला पाळ्या ठरवून देता यायच्या. कुठली बाग आधी, किती वेळ, हे तो लक्षात ठेवायचा, आणि वीज गेली तरी आल्यावर राहिलं होतं तिथून पुढं सुरू करायचा. शेतकऱ्याला सगळ्यात आवडायचं ते वेगळंच. पुढच्या बाजूला 'चालू' आणि 'बंद' अशी दोन बटणं होती. 'बंद' दाबलं की मग वीज शंभरदा येवो-जावो, कुणी 'चालू' दाबेपर्यंत मोटर हलायची नाही.

पहिल्या काही पॅनलांतला एक आम्ही रावेरकडच्या एका गावात सुपडूआबांच्या बागेवर बसवला. आबा साठीचे, कमी बोलणारे. बाग बघायचा त्यांचा मुलगा विजय. त्याला यंत्राची फार आवड. ताई स्वतः आल्या होत्या, आणि तो त्यांच्यामागं सावलीसारखा फिरत होता. झाकण उघडायला लावलं, सेल कुठला, चिप कुठली, सगळं विचारून घेतलं. मग बोट 'बंद' वर ठेवून म्हणाला, "ताई, बंद म्हणजे बंदच ना? मधी वीज गेली-आली तरी?"

"बंद म्हणजे बंदच," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला आठवतो. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीचा असतो तसा.

दुपारी विजयच्या बायकोनं, कल्पनानं, आम्हाला भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. कडेवर वर्षाची मुलगी. ताईंनी मुलीला मांडीवर घेतलं तेव्हा कल्पना म्हणाली, "हे आता बागेपेक्षा त्या पेटीजवळच जास्त राहातील." विजय गालातल्या गालात हसत जेवत होता. पुढं त्यानंच आम्हाला त्या पट्ट्यात गिऱ्हाइकं मिळवून दिली. पाव्हणे आले की तो त्यांना पॅनलच्या खोलीत न्यायचा आणि मेन स्विच खालीवर करून दाखवायचा, "पाहा, ताईचं यंत्र काही विसरत नाही."

दुसऱ्या उन्हाळ्यात तो गेला.

विहिरीच्या कट्ट्यावर पंप होता आणि त्याच्या दांड्याजवळून पाणी गळत होतं. विजयनं खोलीत जाऊन पॅनलचं 'बंद' दाबलं आणि पाना घेऊन कट्ट्यावर वाकला. त्या दिवशी व्होल्टेज सारखं खालीवर होत होतं. मोटर एकदम सुरू झाली. खांद्यावरचा पंचा फिरत्या दांड्याभोवती गुंडाळला गेला. बाकीचं मी लिहीत नाही.

मेन स्विच ओढलेला नव्हता. पोलिसांनी तेच लिहिलं, गावानं तेच म्हटलं. पॅनलच्या दारावर आमची पाटी होती, दुरुस्तीआधी मेन स्विच बंद करावा म्हणून. सांत्वनाला गेलो तेव्हा आबा ओट्यावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होते, "चार पावलं गेलं नाही पोरगं स्विचपर्यंत. आळस केला." त्यांच्या बोलण्यात राग होता आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. आत कल्पनाला ते सगळं ऐकू जात होतं.

 निघताना ताईंनी फक्त तो पॅनल मागून घेतला.

मग त्या महिनाभर टेबलाशी बसल्या. वीज घालवायची, आणायची, 'बंद' आहे का बघायचं. प्रत्येक वेळी 'बंद' असायचं. प्लग उपटून बघितलं, स्विच खटाखट मारून बघितलं. शेठ म्हणाले, "बघा, आपलं काही चुकलेलं नाही." ताईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्टॅबिलायझरच्या टेस्टिंगचा डिमर आणायला सांगितला, गोल चकती फिरवून व्होल्टेज हळूहळू कमी करता येतं तो. "आपल्याकडे वीज प्लग उपटल्यासारखी जातच नाही," त्या म्हणाल्या. "ती मरत मरत जाते. मी तसं कधी करून बघितलं नाही."

त्या चकती अगदी सावकाश खाली आणायच्या आणि परत वर न्यायच्या. दुपारपर्यंत काही झालं नाही. बायका जेवायला उठल्या होत्या, मी शेजारी डबा सोडत होतो, आणि पॅनलमध्ये टक्‌ असा आवाज झाला. मोटरचा स्विच आतून खेचला गेला होता. 'बंद' दाबलेलं असताना.

ताईंनी हात मांडीवर ठेवले.  मग मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. व्होल्टेज कमी झालं की पॅनल चालवणाऱ्या प्रोसेसरचं डोकं फिरतं, बेशुद्ध होता होता माणूस बरळतो तसं. त्या क्षणी तो मेमरीत काहीही लिहून टाकू शकतो. म्हणून त्याच्याआधी मेमरीच्या चिपचं दार बंद करायचं असतं. "दार ठेवलं होतं मी. पण वीज झटकन गेली तर वेळेवर लागतं, हळूहळू गेली तर उशिरा. तेवढ्यात त्यानं 'बंद'चं 'चालू' करून ठेवलं." मग म्हणाल्या, "चिपनं काही चूक केली नाही. तिला जे लिहून दिलं ते तिनं नीट सांभाळलं."

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, बाहेर गेलेले सगळे पॅनल परत आणायचे आणि दुरुस्त करून द्यायचे. पण त्यांनी आम्हा दोघांना आत घेऊन केबिनचं दार लावलं आणि ताईंना म्हणाले, "तिथं जाऊन सांगू नका. पोरगं तर परत येत नाही. इथं ह्या एवढ्या बायकांची घरं चालतात. आणि आपण पाटी लावलेली आहे ना?"

"पाटी मीच लिहिली शेठ."

"मग झालं तर."

"पाटीच्या आधी मी त्याला तोंडानं सांगितलं होतं. त्यानं पाटीपेक्षा माझं ऐकलं."

शेठनी माझ्याकडे बघितलं. विजयनं विचारलं तेव्हा मी तिथं होतो, ऐकलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.  ताई उठल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं गेलो. आबा खळ्यात होते. ताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. चिप, प्रोसेसर, त्यातलं काही नाही. एवढंच की यंत्रानं चूक केली, यंत्र मी बनवलं, विजयनं मला विचारलं होतं आणि मी त्याला भरवसा दिला होता. त्यानं बटण दाबलं होतं. त्यानं आळस केला नव्हता.

आबा हातातली काडी मोडत राहिले. मग म्हणाले, "आता काहून सांगून राह्यली?"

"तुम्ही त्याला दोष देत होतात म्हणून."

आबांचा चेहरा हळूहळू बदलला. मला वाटलं आता हे हात उचलतील. ते म्हणाले, "दीड महिना झाला. रोज उठतो न् त्याले शिव्या देतो मी. मेलेल्या पोराले." त्यांनी पंच्यानं तोंड झाकून घेतलं.  मग ते उठले आणि म्हणाले, "चाल. हे मले एकट्याले नको सांगू. गावाले सांग."

मारुतीच्या पारावर माणसं होती. आबांनी आणखी बोलावली. ताई उभ्या राहिल्या आणि तेच सगळं पुन्हा म्हणाल्या. एकही शब्द गिळला नाही. कुणीतरी मागून शिवी दिली. आबांनी तिकडं बघितलं आणि तो गप्प झाला. मग आबा लोकांना म्हणाले, "ऐकलं ना? माह्या पोरानं बटण दाबलं व्हतं. आता कोनी काही म्हनायचं नाही त्याले."

परत घराशी आलो तेव्हा कल्पना दारात उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. ताई पुढं झाल्या. कल्पना एवढंच म्हणाली, "तुम्ही आमच्याकडे जेवल्या होत्या." आणि दार लावून घेतलं.

येताना ताई खिडकीशी बसल्या होत्या. सावदा मागं गेलं, फैजपूर मागं गेलं, दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा. त्या एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे."

पुढचे काही महिने त्या एकेक पॅनल दुरुस्त करत राहिल्या. चिपचं दार आता वेळेआधी लागायचं. प्रत्येक बोर्ड डिमरवर हळूहळू मारून बघितल्याशिवाय त्या सोडायच्या नाहीत. मी तो नेऊन बसवायचो. काही शेतकऱ्यांनी परत बसवून घेतला नाही. गोष्ट पसरली होती. शेठ पुन्हा स्टॅबिलायझरकडे वळले, आणि ताईंना कुणी जा म्हटलं नव्हतं, तरी एक दिवस त्यांनी काचेखालची ट्यूबलाइट काढून ठेवली आणि सगळ्या बायकांचा निरोप घेतला.

धुळ्यात त्या एका तंत्रनिकेतनात शिकवायला लागल्या. तिथला एक विद्यार्थी पुढं आमच्याकडे कामाला आला. तो सांगायचा, मॅडम फार कडक. मुलांनी बोर्ड करून आणला आणि तो चालवून दाखवला तरी त्या मार्क द्यायच्या नाहीत. डिमर पुढं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "आता ह्याची वीज हळूहळू काढा. घाई करू नका. मी बसलेय." त्याला वाटायचं ही त्यांची एक लहर आहे. मी त्याला काही सांगितलं नाही. स्वतः मात्र त्यांनी पुन्हा कधी बोर्ड डिझाइन केला नाही. पुण्याहून, नाशिकहून कामं यायची, त्या नाही म्हणायच्या.

विजय गेला त्या तारखेला ताई दर वर्षी त्याच्या गावाला जायच्या. हे मला आबांकडून कळलं. आबांजवळ घटकाभर बसायच्या, फारसं बोलणं व्हायचं नाही. मुलीसाठी काही आणलेलं असलं तर ते आबांच्या हातात द्यायच्या. कल्पना बाहेर यायची नाही. "सुनेले मी काही म्हनत नाही," आबा म्हणाले, "न् ताईलेबी येऊ नको म्हनत नाही."

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा ताईंना मूत्रपिंडाचा आजार निघाला. धुळ्याहून नाशिकच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि एका हिवाळ्यात त्या गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांच्या आईला भेटायला गेलो तर म्हातारी म्हणाली, "माले काहीच सांगे नही ती." मीही काही सांगितलं नाही. त्यांनी मला चहा दिला, मी प्यालो आणि निघालो.

पण मी ताईंना शेवटचं पाहिलं ते त्याच्या दोन वर्षं आधी. उन्हाळाच होता, विजय गेला तोच दिवस. मी जीपमधले स्टॅबिलायझर पोचवून आबांच्या गावावरून परत येत होतो. रस्त्याचं काम चाललं होतं, गावात येणारी एसटी बंद होती, लोकांना मुख्य रस्त्याच्या फाट्यापर्यंत पायी जावं लागत होतं. पुढं रस्त्याच्या डाव्या कडेनं ताई चालताना दिसल्या. खूप वाळल्या होत्या. डोक्यावर पदर, थांबत थांबत चालत होत्या. उजव्या कडेनं, मधला सगळा रस्ता सोडून, कल्पना चालत होती. तिच्या हातात काही नव्हतं. तिला फाट्यावर काही काम असावं असं दिसत नव्हतं.

मी जीप थांबवली. "ताई, बसा. धुळ्याची गाडी मिळेल तिथवर सोडतो."

ताईंनी माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि हसल्या. मग रस्त्याच्या पलीकडे बघितलं. कल्पना थांबली होती. ती आमच्याकडे बघत नव्हती, बागेकडे तोंड करून उभी होती, पण पुढंही गेली नव्हती.

"तुम्ही व्हा पुढं, पाटीलभाऊ," ताई हळूच म्हणाल्या. "मी चालते."

मी गाडी काढली. वळण येईपर्यंत आरशात बघत होतो. ताई दम घ्यायला थांबल्या, तशी पलीकडची कल्पनाही थांबली. ताई निघाल्या, तशी तीही निघाली.